बिया घरच्यांनीच खायच्या

१२ ऑक्टोबर
व्हरमाँटमधल्या या गावाने आम्हा मायलेकींना पहिल्याच दिवशी आपलंसं केलं. शाळेने मला घर दिलं आहे, दारात मेपलचं लालभडक झाड आहे, आणि शेजारच्या हॅस्किन्सबाई काठी टेकत टेकत गरमागरम अ‍ॅपल पाय घेऊन आल्या. आठ वर्षांची लोटी अंगणात गाणं म्हणत दोरीवरच्या उड्या मारत होती. बाई म्हणाल्या, मास्तरीणबाई, पोरीच्या गुडघ्यांत स्प्रिंगा बसवल्यात की काय?

२१ ऑक्टोबर
हॅलोवीनचा भोपळा कोरला. इथे राक्षसाचं तोंड कोरत नाहीत, प्रत्येक घर आपल्या मुलाचा चेहरा कोरतं. मी पेन्सिलीने लोटीचं नाक काढलं, पडलेल्या दाताची फट काढली. झाकण तिरकं कापलं, म्हणजे आत पडत नाही. लोटीने कोपरापर्यंत हात घालून गर उपसला. बिया धुऊन फडक्यावर पसरल्या, तोच हॅस्किन्सबाई आल्या. तुम्ही शहरातल्या बायका बिया जाळता, द्या इकडे, लोण्या-मिठात खमंग भाजून आणते, म्हणाल्या. मी सगळ्याच देऊन टाकल्या.

२४ ऑक्टोबर
बिया अजून आल्या नाहीत. लोटी जिना चढताना गुडघा धरते. डॉक्टर म्हणतात, वाढत्या वयाचं दुखणं.
माझी विद्यार्थिनी मेबल टकर, तिच्या आईने फाटकात गाठलं. बिया घरीच भाजल्यात ना, विचारलं. नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. या बिया आईने भाजायच्या आणि घरच्यांनीच संपवायच्या, म्हणे. परक्याने खाल्ल्या तर पोरीतलं जे हवं ते त्याला मिळतं. मग वर्गात मी तासभर बोलले. अडाणी भीतीपुढे मान तुकवणारा माणूस उद्या कुठल्याही जुलमापुढे तुकवतो, असं सांगितलं. एकाही मुलाने मान वर केली नाही.

२६ ऑक्टोबर
हॅस्किन्सबाई अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होत्या. काठी कुठेच नव्हती. तोंडात लोटीचं गाणं.
लोटी खिडकीतून बघत होती. तिला ते गाणं आठवेना. मला काठी आणशील का, तिने विचारलं.

२७ ऑक्टोबर
बिया मागायला गेले. बरणी अर्धी झाली होती. बाई चघळत म्हणाल्या, तुम्ही आपल्या हाताने दिल्यात, मी काय चोरल्या? मी पाया पडले. त्या हसल्या. म्हणाल्या, तीस पोरांचे चेहरे रोज समोर असतात तुमच्या. एखाद्याचा कोरून बिया आणा आणि उरलेल्या या घेऊन जा.
मी थुंकले त्यांच्या दारात.

२८ ऑक्टोबर
लोटी उठत नाही. माझं नाव विचारते.

२९ ऑक्टोबर
मेबल पहिल्या बाकावर बसते. डाव्या भुवईत व्रण. हनुवटीला खळी. मला चेहरा आठवावा लागला नाही.
कोरला. एकही रेघ चुकली नाही. याची लाज — नंतर.

३० ऑक्टोबर
त्या बिया हॅस्किन्सबाईंना दिल्या, बरणीत उरलेल्या आणून लोटीला भरवल्या. ती चालली. धावली. गाणं म्हणाली.
मेबल शाळेत नाही. तिची आई म्हणाली, साधा ताप आहे, बाई, तुम्ही काळजी करू नका. माझा हात धरला तिने.

३१ ऑक्टोबर, सकाळ
लोटीने खोदून विचारलं, ती बरी कशी झाली. मी सगळं सांगितलं. का सांगितलं —
ती रागावली नाही. म्हणाली, आई, मला तुझ्यासारखं बोलता आलं पाहिजे. सगळे गप्प बसून ऐकतात तसं.

दुपार
भोपळा आणलाय तिने. हलू नकोस म्हणते. नाक झालं. कपाळावरच्या आठ्याही —
चाकू काढून घेता येईल. पण कुठल्या तोंडाने? मेबलला मी विचारलं होतं का?

संध्याकाळ
बिया खमंग भाजल्यात. लोटीने पहिली मूठ —
टकरबाईंकडे जायचं आहे. भर चौकात, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगायचं आहे की मेबलचं जे — मेबलला मी — तिचा — ते गोल, नारिंगी, त्याला काय म्ह—