मार्लीस मावशी जेवायला आली होती

प्रिय वैदू,

फोनवर तू "सगळं ठीक" म्हणतेस, मीही तेच म्हणते, म्हणून हे कागदावर लिहितेय. इकडे कॅरीत थंडी सुरू झालीय. बाबा अजून हाफ पँटवरच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जातो आणि शिंकत परत येतो. देवळात भेटेल त्याला सांगतो, वैदेही टेक्सासला कॉलेजच्या टीममध्ये पोहते.

शनिवारी मार्लीस मावशी जेवायला आली. तू सात वर्षांची असताना केसांना चांगलं चोपडून तेल लावून मी तुला तिच्या पोहण्याच्या क्लासला नेलं होतं. टोपी निसटली, पाण्यावर तवंग आला आणि तिने सगळ्यांदेखत मला झापलं. तिथून आमची मैत्री. ब्रेस्टस्ट्रोकमधली युरोपची विजेती आपल्या टेबलाशी वरणभात खाईल, असं नागपुरात कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

जेवणानंतर ती देवघरापाशी थांबली. तुझं प्रत्येक मेडल मी आधी देवापुढे ठेवते, हे तिला माहीत होतं. पण मेडलं तिथून हलतच नाहीत, हे तिने आता पाहिलं. गणपती पार मागे गेलाय, खरंच. मग ती तिच्या आईबद्दल बोलली. ऱ्हाइनकाठचं गाव, घरची बेकरी. एकोणिसाव्या वर्षी मार्लीस युरोपात पहिली आली तेव्हा आईने पदक दुकानाच्या काचेत, पावांच्या मधोमध लावलं. गिऱ्हाइकं आधी ते बघायची. त्याच हिवाळ्यात मार्लीसला पाणी नकोसं झालं होतं. "आईची काच रिकामी कशी करू, म्हणून आणखी चार वर्षं पोहले," ती म्हणाली. "जिंकलेसुद्धा. त्यातलं मला काहीच आठवत नाही."

मी भांडी घासत होते, ती पुसत होती. मला वाटलं, वय झालं की माणसं बोलतात तसं बोलतेय. निघताना बूट चढवत म्हणाली, वैदेहीचा फोन आला होता, खूप रडली. आईला सांगू नकोस म्हणाली, पण मी सांगतेय.

तू मला का नाही सांगितलंस, हे मी विचारणार नाही. मेडलं मी उतरवून तुझ्या खोलीत ठेवलीत. बाबाला सांगितलं. तो म्हणाला, कोचशी बोलायला मी येऊ का, विचार तिला. स्कॉलरशिपचं आम्ही बघू. पोहणं सोडायचं असेल तर सोड, बाळा. राहायचं असेल तर राहा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मात्र घरी ये. पहाटे कुणी उठवणार नाही. थालीपीठ तू उठल्यावरच लावेन.

तुझीच,
आई