सीतादहीची सुट्टी

तीर्थस्वरूप जानरावमामांस,

भाचा श्याम याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे खुर्चीतूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा). मामींचा दमा कसा आहे? अकोल्यात थंडी पडली असेल, त्यांना सांभाळा.

आमचं म्हणाल तर मुख्याध्यापकाची पार शोभा झाली. दर लग्नाच्या पंगतीत मी तुमच्या शिक्षण खात्याच्या नावानं बोटं मोडायचो (तुम्ही शेजारीच निमूटपणे वांग्याची भाजी खात असायचात), की शाळेचं शाळेवर सोडा, मग बघा! यंदा खात्यानं खरंच सोडलं. तालुक्यातल्या मोजक्या शाळांना वेळ आणि सुट्ट्या स्वतः ठरवायची मोकळीक मिळाली, त्यात आमची. मी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शिपायानं घंटा किती वाजता देऊ विचारलं, तर मी सवयीनं मोबाईल उघडून वरून काही आलंय का ते पाहिलं.

मग अंगात वारं शिरलं. गावच्या सभेत जाहीर केलं, सीतादहीला शाळेला सुट्टी! कपाशीच्या पहिल्या वेचणीला बायका वावरात पूजा करतात, दहीभात वाढतात, ते पोरांनी पाहायला नको? टाळ्या पडल्या (टाळ्यांनी माझं नेहमीच वाटोळं केलं आहे). पण सीतादही म्हणजे पोळा नव्हे, साऱ्या गावाचा एकाच दिवशी. ज्याचं बोंड जेव्हा फुटेल तेव्हा त्याची सीतादही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून हे माझ्या ध्यानात आलं नाही. एकीच्या वावरासाठी पहिली सुट्टी झाली आणि दुसऱ्याच दिवशी माणिकबाई दारात. “गुरुजी, तिच्या वावराले सुट्टी, मंग माह्या वावरानं काय घोडं मारलं?” तिला दिली, मग तिच्या जावेला. नाही म्हणायला मी नोकरीत कधी शिकलोच नाही. त्यासाठी तुमचं ऑफिस होतं. शिवाय प्रत्येक वावरात मला आमंत्रण. घसा बसला, वजन वाढलं, शाळा मात्र उघडेना.

परवा साहेब तपासणीला आले. शाळेला कुलूप. विचारत विचारत वावरात पोचले, तर मुख्याध्यापक पळसाच्या पानावर तिसऱ्यांदा भात घेत होते. साहेब रागावलेसुद्धा नाहीत. पुन्हा कुलूप दिसलं तर मोकळीक काढून घेऊ, एवढंच म्हणाले. मामा, थट्टा बाजूला ठेवून सांगतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गावातल्या बाया शाळेत येऊन हक्कानं काही मागताहेत. मोकळीक गेली तर त्या पुन्हा फिरकायच्या नाहीत, आणि ते मला फार लागेल.

तुमचा,
श्याम

ता. क. : वरून एक कडक आदेश धाडता का? ‘शाळेने सुट्टीचा निर्णय पूर्णपणे स्वतः घ्यावा, आणि तो सीतादहीची सुट्टी बंद असाच घ्यावा.’ म्हणजे मला सभेत तुमच्या नावानं बोटं मोडता येतील.

आणखी एक : आदेश बुधवारनंतर काढा. बुधवारी आमच्याच वावरात सीतादही आहे. तुमची भाचेसून रागिणी म्हणाली, “साऱ्या गावाचं दही खाऊन आले, आता माह्याच वावराले सुट्टी नाही म्हणसान तं घरी येऊ नका.” मामींना घेऊन जेवायलाच या. शाळा बंद राहील.