वरच्या खोलीचा आकडा

बाबा, तुमचा तो डबा अजून चालू आहे. स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पापडाच्या डब्यांशेजारी घरघरतोय. खोपोलीच्या कारखान्याने भंगारात काढलेला कॉम्प्युटर तुम्ही लोधिवलीला आणलात, त्यात लिनक्स टाकलंत आणि एका कनेक्शनवर घरभर नेट वाटू लागलात. येईल त्या पाहुण्याला माळ्याकडे मान वर करून बघायला लावायचात. कारखान्यात साधे फिटर, पण तोरा केवढा!

"आधी सगळ्यांना बंद. मंग मी सोडंन त्यालाच," हा तुमचा कायदा, डब्यातही आणि घरातही. अकरावीत असताना मी वरच्या खोलीतून खाली येऊन म्हटलं, "बाबा, माझ्याकडं नेट येत नाय." तुम्ही जेवत होतात. "येतंय. मी सोडलंय. तुलाच लावता येत नाय गं. पोरींचं काम नाय हे." दादा फिदीफिदी हसला. दहा पायऱ्या चढून बघावं एवढंही तुम्हाला वाटलं नाही. मी दोन वर्षं टमटमने शिळफाट्याच्या सायबर कॅफेत जात राहिले आणि मनातल्या मनात तुम्हाला खोटारडा म्हणत राहिले. आज कंपन्यांची नेटवर्कं सांभाळून पोट भरते, हे तुम्हाला बघायला मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटत नाही.

काल आईने नवं कनेक्शन घेतलं आणि घरातलं नेट गेलं. दादा फोनवर म्हणाला, "भंगारात टाक ना गं ते." मी माळ्यावर चढले. डब्यापर्यंत नेट येतंय, पुढे जात नाही. कारण सरळ होतं: नेट वाटायचा तुमचा नियम वायर खोचायच्या जुन्या नेटवर्क कार्डाच्या नावाने लिहिलेला, आणि नवी वायर कनेक्शन जोडायला आलेल्या माणसाने शेजारच्या रिकाम्या कार्डात खोचलेली. नाव बदललं, झालं. तेवढ्यात स्क्रीनवर, त्या नियमाच्या खाली, कोणत्या आकड्याच्या कॉम्प्युटरला सोडायचं, ती यादी दिसली. कुणाच्या कॉम्प्युटरला कोणता आकडा, तो तुमच्या हातचा कागद डब्यावर अजून चिकटलेला आहे, मराठी आकड्यांत: तुमचा २, दादाचा ३, माझा ११, अकरावीतली म्हणून. यादीत 2 आहे, 3 आहे आणि 99 आहे.

मग तुमचा तो शेपटीवाला एक नीट बघितला. कागदावरून टाइप करताना तुम्ही स्वतःचाच मराठी एक इंग्रजी नऊ म्हणून वाचलात. तोही दोनदा! घरात नव्व्याण्णव कॉम्प्युटर कुठून आले, हे डोक्यात आलं नाही. पोरींचं काम नाय म्हणे. यांना अकरा लिहिता येईना.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि आईला मी वाचून दाखवणार नाही. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. मला खरंच सोडलं होतंत. पण बाबा, मुद्दाम बंद ठेवलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही, ती त्याच एका रागाच्या जोरावर.