रामापिथेकस आपला नाही

नाना, पारोळ्याच्या शाळेतल्या त्या दिवसाबद्दल मी तुमच्याशी कधीच बोलले नाही. मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते आणि तुम्ही मोठ्या हौसेने मला तुमच्या दहावीच्या वर्गावर नेलंत. भिंतीवर जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तुम्ही रंगवलेला तक्ता होता. माकड, मग रामापिथेकस, शेवटी धोतर नेसलेला माणूस. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हे चुकलंय. शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेला रामापिथेकसचा जबडा आपल्या पूर्वजाचा नाही. तो ओरांगउटानच्या नात्यातला." मागून कोणीतरी ओरडलं, "सर, तुमना आजा गया!" वर्ग हसला, तुम्हीही हसलात. "गया ते जाऊ दे. मंग आपला कोन शे वं माय?" मी म्हणाले, नक्की कुणालाच माहीत नाही.

त्या संध्याकाळी आई कळण्याच्या भाकरी थापतेय आणि तुम्ही तिच्याजवळ जमिनीवर बसून ब्लेडने रामापिथेकस कापून काढताय. आई म्हणते, "इतला वरीस पोरेसले खोटं शिकाडं का तुम्ही?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी वांगी विकणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला तुम्ही गाठलंत. "तुले मी चुकीचं शिकाडं व्हतं. रामापिथेकस आपला नई शे." तो गोंधळला आणि त्याने पिशवीत दोन वांगी जास्त टाकली. मी लाजेने चिडले. "नाना, लोक हसतात. त्याला काय फरक पडतो?" तुम्ही वर्गातल्यासारखं शुद्ध बोललात, "त्याला पडत नसेल. पण त्याने आपल्या पोराला सांगितलं असेल ना."

आता जळगावच्या कॉलेजात तोच धडा मी शिकवते. मागच्या आठवड्यात चीनमध्ये जीवाश्म सापडलेल्या एका अवाढव्य एपबद्दल, म्हणजे बिनशेपटीच्या वानराबद्दल, बोलत होते. फक्त दात आणि जबडे सापडलेत, म्हणून त्याचं नातं ठाऊक नाही, असं मी म्हणाले. धरणगावहून येणारी एक मुलगी मोबाइल धरून उभी राहिली. "मॅडम, ते तर कळलंय. दाताच्या एनॅमलमधल्या प्रथिनांवरून. तो ओरांगउटानचा नातलग निघाला." मी म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलंच लिहायचं. बस खाली." तेव्हापासून ती पहिला बाक सोडून दाराजवळ बसते.

उद्या वर्गात तिची माफी मागायची आहे. तिथे जीभ अडखळेल, म्हणून आधी इथे लिहून बघतेय; हे पत्र कुठे जायचं नाही. माझी माहिती जुनी होती, एवढंच सांगून सुटता येईल. पण नाना, मी ते केव्हाच वाचलं होतं. टिपणं बदलायचा कंटाळा केला.