टिपाडातले संत इसिदोर

...डोके डाव्या हाताने दाबून धरले आहे आणि उजव्या हाताने लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. सरस वाळेपर्यंत सोडायचे नाही, असे केरबा सुताराने बजावले आहे. डोके संत इसिदोर यांचे आहे. माझे अजून जागेवर आहे, एवढीच इकडची खुशाली.

ती. अक्का, ख्रिस्तात सलाम. दाजींनाही. मुदखेडच्या स्टेशनात नळाला अजून पाणी येते असे ऐकतो. ते खरे असो. दाजींचा गुडघा कसा आहे? आई बरी आहे. आई फारच बरी आहे, आणि या पत्राचे कारण तेच आहे.

नवा जिल्हा झाल्यापासून आपल्या वस्तीला टँकर नाही, हे तुला माहीत आहे. जुन्या कचेरीत गेलो तर म्हणतात, तुम्ही आता लातूरचे. नव्या कचेरीत गेलो तर म्हणतात, तुमची वस्ती अजून आमच्याकडे आलेली नाही. (ती वाटेत कुठे अडकली असेल तर मला दिसलेली नाही. मी रोज तिच्यातच झोपतो.) विहिरीत फेब्रुवारीपासून तळाचा खडक दिसतो. बाया दीड कोसावरून एकेक घागर आणतात. नायब तहसीलदार विरूपाक्षप्पा यांनी एकदा डोळ्यांनी विहीर बघितली की टँकर मिळेल, एवढे मला एका शिपायाकडून कळले होते. तेव्हापासून मी त्यांच्या कचेरीतल्या बाकावर बसून होतो.

अशात फादरांनी रविवारच्या सणासाठी संत इसिदोर यांचा पुतळा आणून, प्रार्थनाघराचा मास्तर म्हणून, माझ्या ताब्यात दिला. संत दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. ते प्रार्थनेला बसत आणि देवदूत त्यांचे औत हाकत. (केरबा म्हणाला, "आमच्या मालकानं देवदूताची बी हजेरी कापली आसती.") पुढे फादरांनी प्रवचनात सांगितले की संतांचे मूल विहिरीत पडले, आईबापांनी गुडघे टेकले आणि पाणी मुलाला घेऊन काठापर्यंत वर आले. त्यावरून फादर श्रद्धेबद्दल बरेच बोलले. बायांनी त्यातले पाणी वर आले एवढेच घेतले.

त्याच आठवड्यात गावाने महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवली होती. पाऊस पडेपर्यंत देवाने गुदमरून बसायचे, ही रीत तू जाणतेस. आपली आई (फादरांच्या दप्तरात मार्था, बाकी जगात धोंडाबाई) म्हणाली, "त्येंचा देव पाण्यात, आन् आपला कोरडा? मंग त्याला कसं कळंल?" आपल्या संताला गाभारा नाही. म्हणून बायांनी रस्त्याच्या कामावरचे डांबराचे टिपाड आणले, राखेने घासले, आणि काल सांजेला घराघराने आपली प्यायची घागर त्यात ओतली. एकाही घराने मागे ठेवली नाही. मी त्या वेळी बाकावर होतो.

आज दुपारी विरूपाक्षप्पा आले. मी त्यांना विहिरीवर नेले. ते वाकले. खडकावर एक सरडा होता, तोही बसल्या जागी धापा टाकत होता. साहेबांचा चेहरा उतरला. टँकर मिळाला, असे मला वाटले. (असे मला पूर्वीही वाटले आहे.) मग ते सावलीसाठी प्रार्थनाघराकडे वळले. दारात टिपाड, काठोकाठ भरलेले, आणि त्यात संत इसिदोर गळ्यापर्यंत.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचा तर देव बी पोहायलाय. टँकर मागायला मीच येतो की तुमच्याकडं."

आई पुढे झाली. "साहेब, ते पाणी आमचं न्हाई. त्येला दिलंय. त्यानं पाऊस पाडला की वापस घेनार हाव."

साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि प्यायला पाणी मागितले, कुठल्याही गावात मागावे तसे. समोरच्या घरातली नागुबाई आत गेली आणि रिकामी बाहेर आली. शेजारची चतुराबाई गेली, तीही तशीच आली. साऱ्या वस्तीत एक पेला पाणी नाही, हे मी त्यांना फेब्रुवारीपासून शुद्ध भाषेत सांगत होतो. आता कोणी काहीच सांगत नव्हते आणि साहेब ऐकत होते.

शेवटी आई टिपाडाकडे गेली. पेला बुडवायला जागा हवी म्हणून तिने संतांना मानेला धरून बाजूला सारले. पुतळा प्लास्टरचा, रात्रभर भिजलेला. डोके हातात आले. तिने ते काखेत धरले, दुसऱ्या हाताने पेला भरला आणि साहेबांपुढे केला. पाणी ताकासारखे पांढरे होते.

ते पेल्याकडे बघत राहिले. मग सगळा पेला प्यायले.

"आमच्या गावी महादेव आठ दिवस झाले पाण्यात हाय," ते म्हणाले. "दगडाचाय म्हणून टिकला." जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "बघतो." अक्का, हा शब्द मी आता दोन जिल्ह्यांत ऐकला.

पत्र केरबाबरोबर पाठवतो. तो उद्या सकाळच्या एसटीने नांदेडला लेकीकडे निघाला आहे, तिथून पुढे मुदखेडला येऊन तुझ्या हाती देईल.

तुझा,
व्यंकटी

ता. क. फादर रविवारी येतील आणि आधी पुतळा बघतील. सरसावर माझा विश्वास नाही. दाजींच्या रेल्वेतल्या ओळखीने कुठून एखादे संत इसिदोर मिळाले तर केरबाबरोबरच पाठव. मी विचारले होते म्हणून आईला कळू देऊ नकोस.

आणखी एक. इसिदोर नसतील तर योसेफ चालतील. दाढी तशीच आहे. हातातले फूल मी काढतो आणि फावडे देतो.

सकाळी लिहितो. टँकर आला. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी आधी पांढऱ्या पाण्याच्या वस्तीला जायला सांगितले आहे. सगळ्यांच्या घागरी भरल्या. मी आपली घेऊन परत आलो तेव्हा रात्री वाळायला ठेवलेल्या खुर्चीवर संत नव्हते, पुन्हा टिपाडात होते. आईचे म्हणणे असे, की गळ्यापर्यंत बुडवले तर त्याने टँकर दिला, आता डोक्यावरून पाणी गेले की पाऊस देईल. केरबा दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात. पुतळा पाठवू नकोस. सरस पाठव, इथला संपला.