गाळलेला गिल्बर्ट

इल्फर्ड, मंगळवार, १२ मार्च १९९१

म्युझियमच्या फलकासाठी हॉर्नवेल घराण्याची वंशावळ आज लिहून आमच्या म्युझियम-प्रमुख मिसेस हॉलना दिली. प्रत्येक स्पेलिंग तीनदा तपासलं. आणि चूक केली ती भलतीच.

जुन्या यादीत अर्लचा किताब मिळालेले दोन गिल्बर्ट लागोपाठ होते, बाप आणि मुलगा. मला वाटलं, कुणीतरी एकच माणूस दोनदा उतरवलाय. आपल्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण जिवंत बापाचं मुलाला कोण ठेवील? शिवाय दुसरा अर्ल होता अवघे अकरा आठवडे. म्हणून त्याला गाळला.

जेवताना काकांना सहज सांगितलं, तर ते हसायलाच लागले. "अरे शहाण्या, माझ्या वॉर्डात परवा एक जॉन ॲडमिट झाला. भेटायला आला तो मुलगाही जॉन. इथं असंच असतं. विचारायला काय झालं होतं?"

काय झालं होतं? विचारलं तर माझं बी.ए. अर्धवट राहिलंय हे मिसेस हॉलना कळेल, ही भीती. अकरा आठवडे का होईना, तो अर्ल होता. आता त्याचा मुलगा आजोबांचाच मुलगा झालाय. आणि फलक रंगवणारा उद्या सकाळी नऊला येणार.

शेवटी त्यांच्या घरी फोन केला. सगळं सांगितलं, बी.ए.चंही. त्या शांतपणे म्हणाल्या, "साडेआठला ये, दुरुस्त करू. तुझ्या हातचं म्हणून मी तपासलंच नव्हतं."

यापुढे तपासतील.