ताईच्या खिडकीचे कापड

मी, या गल्लीत ‘टाकेवाल्या बाई’ म्हणून ओळखली जाणारी, भरतकामावर दोन मुले वाढवलेली विधवा, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने सांगत आहे. लिहून घेण्याचे काम वकीलबाई करत आहेत, कारण माझा हात थरथरतो. थरथरतो तो हात, डोके नव्हे. डॉक्टरांनी तसे तपासून वेगळे लिहून दिले आहे. कलम चार वाचल्यावर घरातले कोणीतरी याच्या उलट म्हणणार, हे मला ठाऊक आहे.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि रस्त्याकडची खिडकी, मुलाचे. मधली भिंत पाडून एकच मोठा हॉल करायचा त्याचा मनसुबा आहे. खुशाल करावा. मी आहे तोवर मात्र भिंतीला हात लावू नये, मी तिला टेकून बसते.

कलम दोन. माझ्या यजमानांचे शिवणयंत्र शेजारच्या शिंप्यांना द्यावे. त्याची कुरकुर त्यांच्याशिवाय कोणी ऐकून घेणार नाही. रिंगा, सुया, कात्री आणि रेशमाच्या सगळ्या लडी मुलीला. तिला साधा धावदोरा धड घालता येत नाही, पण रंग बघावा तो तिनेच.

कलम तीन. कपड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंना काही नाही. त्यांच्या दुकानासाठी मी उमेदीची सगळी वर्षे भरत बसले. काम हातात घेतले की त्या आधी उलटे करून बघत. “पाठ स्वच्छ हवी. गाठ दिसली तर परत.” आणि गिऱ्हाइकाने कोणी केले विचारले, की “आमच्याकडेच होतं,” म्हणत. त्या माझ्या अंत्यदर्शनाला आल्याच, तर त्यांना चहा द्यावा, पण पुढे उभे करू नये.

कलम चार. भरलेली मोठी चादर.

तिच्याबद्दल नीट सांगणे भाग आहे. मुलगी मला एकदा नव्या कलाकारांच्या प्रदर्शनाला घेऊन गेली. मी वाटेत कुरकुरले होते, की भिंतीला भंगार टांगतात आणि आपल्याला कळले नाही तर आपलीच अक्कल काढतात. आत गेले तर दालनाच्या मधोमध छतापासून एक भरलेले कापड सोडलेले. त्याची पाठ दाराकडे. सगळ्या गाठी, इकडून तिकडे उड्या मारलेले दोरे, लोंबणारी टोके.

“अगं, उलटं टांगलंय त्यांनी!” मी म्हणाले.

“आई, ते तसंच आहे.”

दालन बंद होईपर्यंत मी तिथून हलले नाही. जे लपवण्यात माझा जन्म गेला, तेच कोणीतरी चारचौघांत टांगले होते. त्या दिवशी घरी येताना माझी बोटे शिवशिवत होती. लग्नानंतर असे प्रथमच झाले.

त्याच सुमारास समोरची इमारत रिकामी करायचा हुकूम निघाला. तिथे दुसऱ्या मजल्यावर माझी थोरली बहीण, ताई, राहत होती. दोघी आपापल्या खिडकीत उभ्या राहून हातवारे करून बोलायचो. हल्ली ती विसरू लागली होती. भाच्याने तिला वृद्धाश्रमात नेऊन ठेवले आणि इकडे इमारत वरून पाडणे सुरू झाले. मी जाडी पांढरी चादर काढली आणि ती इमारत खालून एकेक खिडकी करून भरू लागले. पाठच दर्शनी ठेवली, दोऱ्यांची टोके मोकळी सोडली. कोणाच्या नमुन्यावरून न केलेले हे माझे पहिले काम. पण पाडणाऱ्या यंत्राला काय, ते एका सकाळी मजला खाली आणी. माझी खिडकी व्हायला आठवडा लागे.

ताईची खिडकी सर्वांत सुरेख करायची म्हणून शेवटी ठेवली होती. तेवढ्यात हाताने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, “गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही.” मनगट उशीला बांधून पाहिले. सुई जिथे नको तिथेच उतरे. ती खिडकी कोरी राहिली.

मुलीने प्रदर्शनवाल्या गृहस्थांना घरी आणले. ते चादरीसमोर हात जोडून उभे राहिले. “बाई, ही कोरी खिडकी म्हणजे या कामाचा प्राण आहे!”

“अहो, मला जमलं नाही हो,” मी म्हणाले.

“तेच तर!” ते म्हणाले.

मागच्या महिन्यात चादर घेऊन आम्ही ताईकडे गेलो. तिने मला ओळखले नाही. मी चादर तिच्या मांडीवर पसरली. तिने बराच वेळ चाचपले, एक लोंबते टोक सापडले, आणि ओढले. एक कठडा उसवला.

“मावशी, सोड! सोड ना!” मुलगी ओरडली.

मी ताईचे मनगट धरायला गेले, पण माझा हात तिच्या हातावर नुसता हलत राहिला. तिला वाटले, मलाही दोरा हवा आहे. “तुला पण देते,” ती म्हणाली. “हळू ओढायचं हं, तुटता कामा नये.” आणि सुटलेला दोरा ती दोन बोटांवर आठाच्या आकड्यात गुंडाळू लागली, आईने आम्हा दोघींना शिकवले होते तसा. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काम करणाऱ्या माणसाचा शांतपणा होता. मी चादर काढून घेतली नाही. निघेपर्यंत तळमजला गेला होता.

म्हणून ही चादर ताई जिवंत आहे तोवर ताईची. मुलीने भेटीला जाताना न्यावी आणि तिच्या मांडीवर पसरावी. जेवढे उसवेल तेवढे उसवू द्यावे. मागाहून कोणी भरून काढू नये.

हे ऐकून मुलगी म्हणाली, “तुला वेड लागलंय का, आई? आयुष्यात एकच काम स्वतःचं केलंस!”

“हो.”

“काही उरणार नाही त्यातलं.”

“नाही उरणार.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी ताईला परत आणू शकत नाही, इमारत उभी करू शकत नाही, सुई धरू शकत नाही. ताईच्या पश्चात काही उरलेच, तर प्रदर्शनवाल्यांनी न्यावे आणि हवी ती पाटी लावावी. भांडायला मी नसेन. काहीच उरले नाही, तर चादर चांगली जाड आहे, पांघरावी.

ताई “तू कोण?” विचारील तेव्हा नाती सांगून तिला शिणवू नये. टोक शोधून तिच्या हातात द्यावे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

साक्षीदार :
१. औषधपाणी करणारे डॉक्टर (सही)
२. शेजारचे शिंपी (सही)

स्थळ : राहते घर, खिडकीजवळ
दिनांक : चौदा मार्च, दुपार

लिहून देणार : टाकेवाल्या बाई (सही)

वकीलबाईंची नोंद : सही करताना मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने आईचे कोपर धरले. लेखणीला बोट तिने लावले नाही. सही बाईंचीच आहे.